कढीपत्त्याला रात्री गरम पाणी घालू नका, हात जोडते

"परदेशातल्या थंडीतही कढीपत्ता, तुळस, मोगरा हिरवागार ठेवण्याचे रामबाण उपाय" हा मेसेज ऑक्टोबरपासून सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी दोनदा वाचून सोडून दिला होता, तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. कारण तो माझ्या धाकट्या जावेपर्यंत पोचला, तिनं त्यातलं सगळं मनापासून केलं आणि तिचा सहा वर्षांचा, छातीएवढा वाढलेला कढीपत्ता गेला. आम्ही दोघी शिकागोजवळ राहतो. फोनवर रडत होती, "ताई, मी एक दिवस चुकवला नाही हो."

तेच तर चुकलं. मेसेज म्हणतो, झोपण्याआधी कुंडीत तांब्याभर गरम पाणी घाला म्हणजे मुळं उबदार राहतात, आणि पानं गळायला लागली तर पाणी कमी पडतंय समजून दुप्पट करा, शिवाय आठवड्यातून दोनदा ताक. सगळ्यात जास्त झाडं मारणारा सल्ला हाच आहे म्हणून आधी हेच घेते. तांब्याभर पाण्याची ऊब एवढ्या मोठ्या कुंडीत थोड्या वेळात निघून जाते, मागे राहतं ते नुसतं पाणी. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम नऊ तासांचा, ऊन तिरपं, माती गार, त्यामुळे कढीपत्ता झोपी जातो, वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात. पानं नाहीत म्हणजे झाडाला पाणी ओढायचं कारणच उरलं नाही, आणि तुम्ही दुप्पट ओतताय. मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात, कुजतात.

शनिवारी तिच्याकडे जाऊन कुंडी उपडी केली. आंबट-कुबट वास, वर चिलटं, आणि मूळ चिमटीत धरून जरा ओढलं की साल बोटांना येत होती आणि आत दोऱ्यासारखी तार राहत होती. एकही पांढरं मूळ नव्हतं. नोव्हेंबरात हेच झाड फक्त निष्पर्ण होतं, मेलेलं नव्हतं! नखानं खोडाची साल इवलीशी खरवडून बघायची, खाली ओलसर हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे, गप्प बसायचं. माझा दर जानेवारीत नुसत्या काड्या होतो, एप्रिलमध्ये शेंड्याला पोपटी कोंब येतात. तोवर पाणी किती, तर बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं आणि कुंडी उचलून हलकी वाटली तरच, आणि तेही जपून. खत नाही, ताक तर नाहीच.

आता खरं ते खरं. पाण्यानं थंडीपासून बचाव होतो हे हवेतून आलेलं नाही. माझं माहेर निफाडकडचं आहे. पारा ४-५ अंशांवर आला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबकनं विहिरीचं पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. पण तिथे प्रश्न पहाटेच्या काही तासांचा असतो, सूर्य वर आला की संपला, आणि वेली जमिनीत असतात. शिकागोत ३० जानेवारी २०१९ ला पारा उणे ३० च्या खाली गेला होता. निफाडचा उपाय इथल्या कुंडीला कसा लागू होईल?

दुसरा मुद्दा, कुंडी बाहेरच ठेवा, रात्री काळी प्लास्टिकची पिशवी घाला. हेही तिनं ऑक्टोबर संपेपर्यंत केलं. झाड काही आपल्यासारखी अंगची ऊब तयार करत नाही की पांघरूण घातलं आणि काम झालं. चादर टाकून अडते ती जमिनीतून येणारी ऊब, म्हणून जमिनीतल्या रोपाला एखाद्या रात्रीच्या हलक्या दंवात जुनी चादर चालते. कुंडी मात्र चारी बाजूंनी गार होते, आणि प्लास्टिक पानाला टेकलं की तिथेच पान काळं पडतं.

ज्यांना माझा शब्द पुरत नाही त्यांनी अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोनचा, म्हणजे कुठल्या भागात हिवाळ्यात किती थंडी पडते त्याचा नकाशा बघा. २०२३ साली नवा आला, १९९१ ते २०२० या तीस वर्षांत दर वर्षी सर्वात कमी तापमान किती होतं त्याची सरासरी काढून. शिकागो साधारण ६ नंबरच्या झोनमध्ये येतं, म्हणजे उणे १८ ते उणे २३ अंश. नंबर जितका मोठा तितकी थंडी कमी, आणि कढीपत्ता बाहेर बारा महिने काढतो तो ९-१० च्या पुढे. आणि हे झोन जमिनीत लावलेल्या झाडांचे आहेत, कुंडीतल्या मुळांची अवस्था त्याहून वाईट. एवढं बघितलं तरी पिशवीचा विषय संपतो.

बाकीचं भराभर सांगते. हीटरच्या झरोक्याजवळ ठेवा म्हणे, तिथल्या कोरड्या हवेत मोगऱ्यावर आणि जास्वंदीवर लाल कोळी ही बारीक कीड पडते, दक्षिणेची खिडकी द्या, नाहीतर टायमर लावून एलईडी दिवा. अंधाऱ्या बेसमेंटमध्ये ठेवा हे डेलियाच्या आणि कर्दळीच्या कंदांना चालतं, पानगळ झालेल्या अंजिरालाही, तुळशीला नाही. तुळस तर १० अंशांखालीच कुरकुरायला लागते, घटस्थापनेच्या सुमारास आत घ्या आणि मंजिऱ्यांचं बी वाळवून ठेवा, कारण आत ठेवूनही ती टिकेलच असं नाही. आणि "येताना बॅगेतून फांद्या आणा" हे तर करूच नका, कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, लिंबू-संत्र्याच्या बागा संपवणारा ग्रीनिंग रोग पसरवणारा किडा त्यावर बसतो, म्हणून विमानतळावर ताजी पानंसुद्धा काढून घेतात. फ्लोरिडात २००५ मध्ये तो रोग सापडला, तिथल्या संत्र्यांचे काय हाल झाले ते सगळ्यांना दिसतंय.

जावेची कुंडी धुऊन उन्हात ठेवलीय. माझ्या कढीपत्त्याला मुळातून दोन फुटवे आलेत, मदर्स डे झाला आणि रात्री उबदार व्हायला लागल्या की त्यातला एक मुळासकट काढून तिला देणार आहे.