तब्येत सुधारली हं!

मुली, इंदूरच्या मराठी घरात राहून निरोगी व्हायचं असेल तर आधी शब्दांचे अर्थ पाठ कर. 'तब्येत सुधारली हं!' म्हणजे तू जाड झालीस. 'चेहऱ्यावर तेज नाही' म्हणजे रविवारी कुणीतरी बघायला येणार आहे. आणि 'होतं गं असं, बाईच्या जातीला' म्हणजे डॉक्टरकडे जायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून लागू असलेल्या घटनेत लिहिलंय की आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे. शरीर, मन आणि चार माणसांतलं जगणं, तिन्ही ठाकठीक हवं. लिहिणाऱ्यांना आमच्या रामबागेतली एखादी मावशी भेटली नसावी. तिची व्याख्या सुटसुटीत आहे: पोरगी सगळ्यांच्या पोळ्या लाटून उभी आहे ना? मग धडधाकट.

तेव्हा जिना चढताना दम लागला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर त्याला आळस म्हणायला शिक. रक्त तपासू नकोस. हिमोग्लोबिन बाराच्या खाली निघालं तर उगाच नाव पडतं, पंडुरोग. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के तशाच निघाल्या. एवढ्या मोठ्या बहुमताला आजार म्हणणं लोकशाहीला शोभत नाही. सकाळी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरून लिंबू पिळतेस ना? त्या लिंबामुळे अन्नातलं लोह अंगी लागतं म्हणतात. म्हणून ताबडतोब वर कडक चहा घे, म्हणजे लागणार होतं तेही लागायचं नाही.

व्यायामाचं म्हणशील तर आठवड्याला दीडशे मिनिटं तरी अंग हलवा, असं तीच संघटना सांगते. वेळेचा प्रश्न नाही, घड्याळाचा आहे. रात्री साडेअकराला अख्खं घर सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेला गराडू कंद खायला निघतं, तेव्हा ती संध्याकाळ असते. तू संध्याकाळी सातला एकटी मेघदूत गार्डनला फेऱ्या मारायला निघालीस, की 'एवढ्या रात्री?' त्यापेक्षा मोबाइलवर एखादीला पळताना बघ. तिचं चिया-पाणी, तिची कंबर. घाम तिला येतो, कमीपणा तुला. भागलं की.

आरोग्यसंवर्धन मात्र चुकवू नकोस. कॅनडातल्या ओटावात १९८६ साली आरोग्याच्या जागतिक परिषदेत ठरलं की माणसाला स्वतःच्या आरोग्यावर ताबा मिळवता येणं म्हणजे आरोग्यसंवर्धन. आपल्याकडे आठ मार्चला त्याचा गुलाबी टी-शर्ट मिळतो. राजवाड्यापर्यंत चालायचं, फोटो काढायचा, वर पोहे-जलेबी. नऊ मार्चला पाळी दोन महिने चुकलीय म्हणून दवाखान्यात गेलीस तर समोरच्या बाई भर रांगेत विचारतील, "लग्न झालंय का?" उत्तर आई देईल. आत तक्रारही आईच सांगेल, गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टर आईलाच समजावतील. तू वजनकाट्यावर उभी राहा आणि आकडा मोठ्याने वाचू नकोस. ताबा आहेच, फक्त तुझ्याकडे नाही.

शेवटी स्वच्छता. यात आपल्याला कोण शिकवणार? २०१७ ते २०२३ देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात दर वेळी आपलं इंदूर पहिलं. कचरा सहा प्रकारचा वेगळा करतो आणि गाडीत सॅनिटरी पॅडसाठी स्वतंत्र डबा आहे. महापालिकेने त्या वस्तूला जागा दिली. घरात अजून शब्द मिळालेला नाही, 'कावळा शिवलाय' एवढ्यावर भागतं. म्हणून पुडी वर्तमानपत्रात गुंडाळ, काळ्या पिशवीत घाल, ती दुसऱ्या पिशवीत घाल आणि गाणं वाजवत गाडी आली की मान खाली घालून हळूच ओल्या कचऱ्यात सरकव. गाडीवाला ओरडेलच, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"दीदी, पैड अलग डब्बे में!"

वरच्या गॅलरीतून आजी विचारतील, "काय म्हणतोय गं तो?"

"काही नाही आजी. कावळ्याचा डबा वेगळा आहे म्हणतोय."