चाल कुणाची ते आधी लिहा

परवा मंगळवार पेठेतली एक वरात वाजवून घरी आलो आणि झोपच लागली नाही. दमलो होतो म्हणून नव्हे. वीस वर्षं बेंजो वाजवतोय, रात्री उशिरापर्यंत उभं राहायची पायांना सवय आहे. एका पोराचं वाक्य डोक्यातून जाईना.

नवरदेवाच्या दोस्तांनी 'कोंबडी पळाली'ची फर्माईश केली. मी मुखडा उचलला, ऑक्टोपॅडवाल्यानं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्यानं, ठेका धरला आणि सगळी गल्ली हलायला लागली. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा नाचत नाचत माझ्या गाड्याजवळ आला आणि कानाशी ओरडला, "काका, चिकनी चमेलीचं मराठी व्हर्जन लई भारी बसवलंय की ओ!"

हात मोकळे नव्हते, म्हणून मान हलवून 'नाही' म्हटलं. त्याला वाटलं मी दाद घेतोय. गाणं संपल्यावर त्याला हाक मारली. म्हटलं, "भावा, उलटं आहे. आधी कोंबडी, मग चमेली." त्याला पटेना. खिशातनं मोबाईल काढला आणि तिथंच, जनरेटरच्या आवाजात, शोधत बसला. 'जत्रा', २००६. 'अग्निपथ', २०१२. दोन्हीकडं संगीत अजय-अतुल. मराठीत आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचा, हिंदीत श्रेया घोषालचा. दोनदा वाचलं त्यानं. मग म्हणाला, "म्हणजे हे आमचंच होय?" आणि पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत चौघा-पाचजणांना सांगून आला.

'आमचंच' म्हणताना त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या एका शब्दासाठी ही पोस्ट लिहितोय.

पोराची काही चूक नाही. 'जत्रा' आला तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. त्याच्या कानावर हिंदी गाणं आधी पडलं, म्हणून त्याच्यासाठी तेच पहिलं. आपल्या सगळ्यांचं असंच होतं. जे आधी ऐकलं ते मूळ वाटतं. 'झिंगाट'चं तसं झालं नाही, कारण 'सैराट' २०१६ ला आला तेव्हा ते गाणं आपण रस्त्यारस्त्यावर वाजवलं होतं. २०१८ ला 'धडक'मध्ये ते हिंदीत आलं तेव्हा शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं की हे आपलं. पण अशी साक्ष द्यायला प्रत्येक गाण्यामागं अख्खा महाराष्ट्र उभा नसतो.

ज्यांनी बेंजो जवळनं बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तार छेडायची, आणि पिकअप लावून आवाज स्पीकरला द्यायचा. बुलबुलतरंगाचंच भावंड. ह्या वाद्याला शब्द नसतात, फक्त चाल. त्यामुळं काय होतं, शब्द बदलून, नटी बदलून, भाषा बदलून आलेलं गाणं बोटांना लगेच ओळखू येतं. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. आमचे वस्ताद 'तम्मा तम्मा' वाजवता वाजवता 'जुम्मा चुम्मा'त शिरायचे. दोन गाणी जोडताना मधे एखादा तुकडा टाकावा लागतो, सूर फिरवावा लागतो. इथं काहीच लागायचं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "एकाच आईची दोन लेकरं आहेत ती."

ती आई कोण, हे मला पुढं पंधरा वर्षांनी कळलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाचा मोरी कांते. १९८७ साली त्याचा 'अक्वाबा बीच' हा अल्बम आला, त्यात 'तामा' नावाचं गाणं आहे. ते ऐका, लगेच उमगेल. १९९० च्या 'थानेदार'मधलं गाणं आणि १९९१ च्या 'हम'मधलं गाणं, दोन्ही तिथली. मोरी कांते ज्या घराण्यात जन्मला त्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या एकच, गावोगाव फिरून लोकांच्या वंशावळी आणि पराक्रम गायचे. आपल्याकडं भाट आणि गोंधळी जे करतात तेच. हातात कोरा नावाचं २१ तारांचं वाद्य. २०२० मध्ये तो वारला. त्या दिवशी मी रात्री एकटाच खोलीत बसून ती चाल तीनदा वाजवली, हळू लयीत. माझ्या आयुष्यातल्या किती सुपाऱ्यांचे पैसे ह्या माणसाच्या चालीवर मिळालेत, ह्याचा हिशेब होणार नाही. आणि इतकी वर्षं मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. हे मला लागलं. अजून लागतं.

चाल उचलण्याला माझा विरोध नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. आपलं अख्खं संगीत नाटक चालींवर उभं आहे. आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, पेटीवर काय हुकमत होती त्या माणसाची! १९११ च्या 'मानापमान'ला त्यांनी पूरबी ढंगाच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या चाली आणल्या आणि मराठी प्रेक्षक वेडा झाला. कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. का? जुन्या नाटकांची पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं असतं : 'चाल' आणि पुढं मूळ गाण्याचं तोंड. कधी हिंदी बंदिश, कधी कानडी पद, कधी लावणी. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांपासूनची ही रीत. पद गाणाऱ्याला, वाचणाऱ्याला, दोघांनाही कळायचं की हे झाड कुठल्या मातीतनं आलंय.

हीच रीत माझ्या आईच्या वहीत आहे. आई शुक्रवारी भजनी मंडळात जाते. तिची दोनशे पानी वही आहे, पुठ्ठ्याला खाकी कागद, कोपरे तेलकट झालेले. प्रत्येक भजन निळ्या पेनानं, आणि वर तांबड्या पेनानं 'चाल'. अंबाबाईच्या एका भजनावर लिहिलंय, 'चाल : ऐरणीच्या देवा तुला'. त्याखाली बारीक अक्षरात 'साधी माणसं, खेबुडकर, आनंदघन'. आनंदघन म्हणजे लताबाई, हे ती मंडळात नव्यानं आलेल्या प्रत्येक बाईला सांगते. सातवी शिकलेली माझी आई हे करते. मग ज्यांच्याकडं वकील आहेत, कंपन्या आहेत, त्यांना एक ओळ लिहायला काय होतं?

कायदासुद्धा हेच सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यात कव्हर व्हर्जनसाठी, म्हणजे जुनं गाणं दुसऱ्यानं नव्यानं गाऊन काढण्यासाठी, नियम घातले. मूळ ध्वनिमुद्रण होऊन पाच वर्षं झाली पाहिजेत, मूळ हक्कदाराला रॉयल्टी आगाऊ दिली पाहिजे, आणि वेष्टनावर 'हे कव्हर व्हर्जन आहे' असं स्पष्ट लिहिलं पाहिजे. आईच्या तांबड्या पेनाचंच काम, सरकारी भाषेत.

आता रतन कहार यांच्याबद्दल लिहितो, कारण त्यांच्याइतका मनात घर करून बसलेला दुसरा माणूस नाही.

२०२० च्या मार्चमध्ये 'गेंदा फूल' आलं, रॅपर बादशाहचं. घरात कोंडलेल्या सगळ्या देशानं ते मोबाईलवर ऐकलं. त्यातला तो बंगाली तुकडा, ज्याच्यामुळं गाणं डोक्यात घुमत राहतं, तो 'बंगाली लोकगीत' म्हणून दिला होता. लोकगीत म्हणजे काय, तर कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं. पण ह्या गाण्याचा कर्ता जिवंत होता. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात, सिउडी गावात राहत होता. विड्या वळून संसार केलेला, भादू आणि झुमुर ही तिकडची लोकगाणी गाणारा माणूस. 'बोडोलोकेर बिटी लो', म्हणजे मोठ्या घरची लेक, हे गाणं त्यांनी १९७२ च्या सुमारास बांधलं. १९७६ मध्ये स्वप्ना चक्रवर्तींच्या आवाजात त्याची तबकडी निघाली आणि बंगालभर गाजली. तेव्हाही त्यावर कहारांचं नाव नव्हतं. म्हणजे पहिल्यांदा नाव गेलं ते १९७६ ला, आणि ४४ वर्षांनी पुन्हा गेलं. दुसऱ्या वेळी बंगाली लोकांनी आवाज उठवला, बादशाहनं त्यांच्याशी बोलून पाच लाख रुपये पाठवले. २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. चांगलं झालं. मनापासून चांगलं झालं. पण माणूस तिथंच, स्वतःच्या घरात, स्वतःचं गाणं गात बसलेला असताना त्याला 'पारंपरिक' करून टाकायचं, ही गोष्ट मला झोपू देत नाही. जिता माणूस परंपरा होत नसतो, त्याला नाव असतं, गाव असतं.

'काला चश्मा'चंही बघा. 'बार बार देखो', २०१६. त्याआधी ते पंजाबीत अमर अर्शीनं गायलं होतं, आणि शब्द लिहिले होते अमरिकसिंग शेरा यांनी, शाळकरी वयात. हिंदी गाणं गाजलं तेव्हा ते कपूरथळ्याला पोलिसात हवालदार होते. आमच्या बेंजोवर हे गाणं अजून प्रत्येक लग्नात लागतं. आणि २०२१ ला जिनं सगळ्यांना वेड लावलं ती 'मणिके मगे हिते', श्रीलंकेच्या योहानीची म्हणून आपण ओळखतो. ते गाणं २०२० लाच सतीशन रत्नायक यांनी आणलं होतं.

पण मग दुसऱ्यांदा गाणाऱ्याचं काहीच नाही का? असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. वाजवणारा माणूस आहे मी, माझा सगळा धंदाच दुसऱ्यांदा वाजवण्याचा. 'रिस्पेक्ट' हे गाणं अमेरिकन गायक ओटिस रेडिंगनं १९६५ ला लिहिलं आणि गायलं. कामावरनं दमून घरी येणारा पुरुष बायकोकडं मान मागतो, असं गाणं. १९६७ ला अरेथा फ्रँकलिननं तेच घेतलं आणि मान मागणारी बाई झाली. त्या शब्दाची अक्षरं सुटी सुटी करून म्हणायची युक्ती तिची, मूळ गाण्यात ती नव्हती. गाण्याचा अर्थच फिरला. रेडिंगनं त्याच वर्षी भर मंचावरनं हसत कबूल केलं की हे गाणं एका पोरीनं माझ्याकडनं नेलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. आणि अरेथा लहान वाटत नाही.

अमेरिकेतलीच गायिका डॉली पार्टन, तिची गोष्ट तर प्रत्येक कलाकारानं ऐकावी. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' तिनं लिहिलं, १९७४ ला स्वतः गायलं. तिला ज्यानं पुढं आणलं त्या पोर्टर वॅगनरपासून वेगळं होताना लिहिलेलं निरोपाचं गाणं. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. केवढं मोठं नाव! पण त्याच्या मॅनेजरनं अट घातली, हक्कातला अर्धा वाटा द्यायचा. तिनं नाही म्हटलं. १९९२ ला व्हिटनी ह्यूस्टननं 'द बॉडीगार्ड'साठी ते गायलं, १४ आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरावर राहिलं. आज जग त्याला व्हिटनीचं गाणं म्हणतं आणि त्यात काही वावगं नाही, तो आवाजच तसा आहे. पण गाणं डॉलीच्या नावावर राहिलं, पैसेही तिला मिळाले, कारण तिनं त्या दिवशी हक्क सोडला नाही. रतन कहारांना असं 'नाही' म्हणायची संधीच कुणी दिली नव्हती.

तर काल सरावाला बसलो होतो. वरातीतला तो पोरगा पत्ता काढत आला, म्हणाला ऑक्टोपॅड शिकायचंय. म्हटलं शीक, पण आधी एक काम कर. नवी वही दिली, एक निळा पेन, एक तांबडा पेन. आमची सगळी यादी लिहून काढायची, आणि प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर चाल, गायक, साल.

दोन तास बसला. 'कोंबडी पळाली'ला पहिलं पान दिलं त्यानं. 'तम्मा तम्मा'वर 'मोरी कांते, गिनी' लिहिताना गिनी कुठं आहे ते नकाशात बघून घेतलं. शेवटी जोतिबाच्या यात्रेत आम्ही उचलतो तो हलगी-घुमक्याचा ठेका आला. सासनकाठी नाचताना वाजतो तो. पेन हातात धरून थांबला.

"काका, ह्याच्यावर काय लिहू? पारंपरिक?"

"नको."

माझ्या वस्तादांनी तो जोतिबाच्या डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीच्या एका म्हाताऱ्या हलगीवाल्याकडनं घेतला होता. आजोबा आहेत अजून. येत्या रविवारी आम्ही दोघं गाडीवरनं वर जाणार आहोत, त्यांना विचारायला की तुम्ही कुणाकडनं घेतला. तोवर ती ओळ मोकळी ठेवलीय.