लुटारू म्हंजे कोन?

आज डोकं फिरलंय. रात्रीचे अकरा वाजलेत, तरी लिहितोय.

शिरपूरकडच्या एका पाड्यावरचे ओळखीचे भिल्ल बाबा आहेत, वय त्यांनाच ठाऊक नाही. १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेले भिल्ल पुढारी खाज्या नाईक, त्यांचे कागद दाखवतो म्हणून सकाळी त्यांना एका सरकारी दफ्तरखान्यात घेऊन गेलो. जुन्या कागदांचा बस्ता सुटला. सूचीत नोंद होती, 'भिल्ल लुटारूंचा बंदोबस्त'. मी शहाण्यासारखं मोठ्याने वाचलं.

बाबा म्हणाले, "लुटारू म्हंजे कोन? आमी?"

काय सांगणार होतो? सेंधवा घाटाची राखण इंग्रजांनीच ज्याच्याकडे दिली होती, तो खाज्या नाईक लुटारू! गोऱ्या साहेबाने लिहिलं, आपण अजून तेच चिकटवून बसलोय. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, एक चिठ्ठी बदलायला कुणाला सवड नाही. जुना शब्द खोडू नका, तोही पुरावाच आहे. पण शेजारी या लोकांचा शब्द लिहाल की नाही?

बाबांना आंबापाणीच्या लढाईचं गाणं येतं. एप्रिल १८५८ ची, खाज्या नाईकांच्या भिल्लांची इंग्रजांशी झालेली लढाई. कोण कुठल्या नाल्यात पडलं, सगळं तोंडपाठ. मी म्हटलं, हे नोंदवून घ्या. दफ्तरखान्यातले साहेब म्हणाले, "तोंडी आम्ही घेत नाही." अहो, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं पुरावा म्हणून चालतं! जमिनीला चालतं आणि इतिहासाला विटाळ होतो?

बरं, गाण्यात सालं इकडची तिकडे होतात, मान्य. गोऱ्या साहेबाच्या रिपोर्टात काय सगळं खरंच असतं?

आता जरा थंड झालोय, तर माझंही सांगतो. बाहेर चहा पिताना मी मोबाईल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. न विचारता. बाबांनी स्क्रीनवर हात ठेवला. "हाई गानं होळीनं शे. आते म्हनानं नही."

म्हणजे दफ्तरखान्यावर तोंड सोडणारा मी, आणि करत तेच होतो. २०१९ मध्ये अ‍ॅडलेडला आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने याच विषयावर जाहीरनामा काढला. मूळनिवासींच्या ठेव्याबद्दल त्यांचंच म्हणणं ऐका, असा त्याचा रोख. आपल्याकडे तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. बाबांनी तर एका हातात समजावलं.

दफ्तरखान्यातला तो साहेब वाईट नव्हता हो. निघताना त्याने बाबांना विचारलं, गाणं किती मोठं आहे? बाबा म्हणाले, रातभर.

होळीला पाड्यावर जातोय. त्याला निरोप धाडलाय. बाबा हो म्हणाले तर वही काढू, नाहीतर नुसतं ऐकू. गाडीत दोन जागा आहेत.