‘कोकणात फेव्हिकॉल चालत नाही’: स्पीकरच्या बॉक्सविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

कोकणातील भजनी मंडळांच्या आणि साउंडवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्यात पाच दावे आहेत. पांढरा गोंद, म्हणजे फेव्हिकॉल, इथल्या दमट हवेत सुटतोच. स्पीकरच्या हादऱ्यांनी कडक गोंदाचा सांधा फुटतो, म्हणून फळ्या जोडायला रबरी गोंदच वापरावा. तो रबरी गोंद, म्हणजे एसआर, पेट्रोलने पातळ करून बॉक्सला आतून दोन जाड हात द्यावेत, पाऊस असल्यास दारे-खिडक्या लावून काम करावे आणि त्याच दिवशी स्पीकर बसवावा. फटी राहिल्यास कापूस कोंबून त्यावर फेव्हिक्विक ओतावे. आणि गोंद बदलला की आवाजही बदलतो. हा संदेश मी आजवर वाचून सोडून देत होतो. परंतु देवगडकडील माझ्या मावसभावाने गणपतीपूर्वी आपल्या मंडळाचे बॉक्स बांधायला घेतले, त्यासाठी एसआरचा डबा आणि पेट्रोलची बाटली दोन्ही आणून ठेवली आणि वर ‘दादा, ह्यां वाच’ म्हणून तोच संदेश मला पाठवला, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

क्रम सोडून तिसरा दावा आधी घेतो, कारण बाकीचे दावे चुकले तर बॉक्स बिघडेल, हा चुकला तर माणूस भाजेल.

एसआर हा कृत्रिम रबर द्रावकात विरघळवून तयार केलेला गोंद आहे. डबा उघडताच नाकात शिरतो तो वास या द्रावकाचा असतो आणि अशा गोंदांत टोल्युइनसारखे ज्वालाग्राही द्रावक सर्रास असतात. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे कोकणातील थंडीतल्या पहाटेसुद्धा त्यातून ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ उठत असते. पेट्रोलचा तर उणे ४० अंशांच्या आसपास आहे. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. उघड्या ओट्यावर वाऱ्याने ती विरून जाते, पण पाच बाजूंनी बंद असलेल्या बॉक्समध्ये ती तळाशी साचून राहते. हवेत टोल्युइनच्या वाफेचे प्रमाण १.२ टक्क्यांच्या आसपास पोहोचले की मिश्रण स्फोटक होते. ६० लिटरच्या बॉक्सपुरता हिशेब केला तर तेवढी वाफ होण्यास जेमतेम ३ मिलिलिटर द्रव पुरतो, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा भरणार नाही. दोन जाड हातांत याच्या कितीतरी पट द्रावक बॉक्सच्या आत जातो, त्यात पेट्रोल वेगळे. मग त्याच दिवशी, त्याच बंद खोलीत, स्पीकरचे स्क्रू आवळण्यासाठी कोणी तरी ड्रिल मशीन चालू करणार. साध्या ड्रिलच्या कार्बन ब्रशांतून ठिणग्या उडत असतात, हे मशीनच्या मागच्या जाळीतून नुसत्या डोळ्यांनी दिसते. शेजारच्या खोलीत समई तेवत असेल तर मशीनचीही गरज नाही.

दारे लावून बसण्याचा सल्ला देणाऱ्याने बहुधा हे काम स्वतः केलेले नसावे. अन्यथा डोके गरगरून तो अर्ध्या तासात बाहेर आला असता. एवढे सोसून पदरात काय पडते? जाड थर वरून सुकल्यासारखा दिसतो, खालचा ओला राहतो आणि द्रावक निघून जाईल तसा आकसतो. त्यामुळे ज्या फटीसाठी खटाटोप केला ती पुन्हा उघडू शकते. उरलेली वाफ आत कोंडली तर स्पीकरच्या कोनाची, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या शंकूची, रबरी किंवा फोमची कड आणि त्याला हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याजवळचे (व्हॉइस कॉइल) जोडही मऊ पडू शकतात. नवा वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बसवण्याची ही रीत नव्हे.

एसआरला मुळीच काम नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. बॉक्सवर बाहेरून सनमायका किंवा रेक्झिन चढवायचे असेल तर हाच गोंद योग्य आहे: दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत मोकळ्या हवेत थांबणे आणि मग दाबून बसवणे. संदेश लिहिणाऱ्याने हेच काम कुठे तरी पाहिले असावे आणि तेच बॉक्सच्या सांध्यांना लागू केले असावे. सांध्यात हा गोंद दोन कारणांनी नडतो. फळ्या एकदा टेकल्या की सरकत नाहीत, त्यामुळे काटकोन साधता येत नाही. आणि सतत भार राहिला तर रबरी थर हळूहळू ओढला जातो, मग टेम्पोच्या टपावर उन्हात तापलेल्या आणि एकावर एक रचलेल्या बॉक्समध्ये तर अधिकच.

आता हादऱ्यांचा दावा. तो ऐकायला पटतो, म्हणून आकड्यांत तपासू. १० इंची वूफरचा हलणारा पृष्ठभाग सुमारे ३३० चौरस सेंटिमीटर धरू आणि तो एका दिशेने ५ मिलिमीटर सरकतो असे मानू. ३० लिटरच्या पूर्ण बंद बॉक्समध्ये त्यामुळे आतील हवेचा दाब वातावरणीय दाबाच्या पाऊण टक्क्याच्या आसपास बदलतो. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या फळीवर याने पडणारा जोर साधारण साडेनऊ किलो भरतो. १८ मिलिमीटर प्लायच्या चारही कडांना मिळून गोंदाचे क्षेत्र २५० चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चाळीस ग्रॅमसुद्धा नाही.

याच्यासमोर युरोपीय मानक ईएन २०४ ठेवावे. लाकडासाठीच्या पांढऱ्या गोंदांसारख्या, बांधकामाचा भार न पेलणाऱ्या गोंदांना त्यात पाण्यापुढे टिकण्याच्या क्षमतेनुसार डी-१ ते डी-४ अशा श्रेणी दिल्या आहेत. सर्वांत खालच्या डी-१ श्रेणीलाही कोरड्या सांध्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला किमान १० न्यूटन असावी लागते. ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० किलो झाली. डी-३ श्रेणीचा सांधा चार दिवस थंड पाण्यात बुडवून ओलाच ताणला तरी त्याची ताकद किमान २ न्यूटन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० किलो, राहावी लागते. हे आकडे बीच लाकडाच्या चाचणी-पट्ट्यांवरचे आहेत आणि प्लायच्या कडेवर ते जसेच्या तसे मिळत नाहीत, हे मान्य. परंतु चाळीस ग्रॅम आणि वीस किलो यांत पाचशे पटींचे अंतर आहे. सुताराने सांध्यात निम्मी जागा कोरडी सोडली तरी हादऱ्याने तो फुटणार नाही. जे बॉक्स फुटतात ते टेम्पोतून उतरवताना आपटल्याने, नाही तर फळीच फुगल्याने.

फुगण्यावरून पहिला दावा. त्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. साधे पांढरे फेव्हिकॉल ओलाव्यापुढे आणि उष्णतेपुढे कच्चे पडते. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर रेंगाळते आणि अशा हवेत लाकडातील ओलावा १५-१६ टक्क्यांपर्यंत चढतो. पण त्यावरून पांढरा गोंदच टाकून देणे कशाला? दुकानात ‘मरीन’ म्हणून मागितला जाणारा पाणी सोसणारा पांढरा गोंद याचसाठी आहे. डब्यावर डी-३ किंवा त्यावरची श्रेणी छापलेली असेल तर उत्तमच. पावसाळ्यात तो सुकत नाही, ही तक्रार अपुऱ्या धीराची आहे. हा गोंद त्यातले पाणी निघून गेल्यावर धरतो, ते दमट हवेत सावकाश निघते, म्हणून फळ्या दाबून धरणारा क्लॅम्प रात्रभर ठेवावा आणि बॉक्सवर जोर पडेल असे काम आणखी दोन-तीन दिवस करू नये. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) यांच्या कडा गोंद पिऊन टाकतात, तेव्हा आधी एक पातळ हात देऊन तो मुरू द्यावा आणि मग दुसरा हात देऊन जोडावे. सागाची पट्टी वापरत असल्यास ती तेलकट असते. जोडण्यापूर्वी लगेच रंधा किंवा पॉलिश पेपर मारावा.

खरा प्रश्न गोंदाचा नसून फळीचा आहे आणि संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नाही. आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय उकळत्या पाण्याच्या चाचणीला टिकते. आयएस ३०३ मधील एमआर श्रेणीचे प्लाय मात्र केवळ ओलावा काही प्रमाणात सोसणारे आहे. स्वस्त एमडीएफ आणून, कडा उघड्या ठेवून, पावसात भिजलेल्या मांडवात बॉक्स ठेवला तर कोणताही गोंद त्याला वाचवू शकत नाही, आणि मग दोष फेव्हिकॉलवर येतो. बॉक्स कायम उघड्यावर, उन्हापावसात राहणार असेल तर सांध्यांना इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, वापरावे. ते महाग आहे, पण फट थोडी मोठी असली तरी चालते आणि त्याला सुकण्यासाठी पाणी सोडावे लागत नाही. घरातल्या किंवा मंदिरातल्या बॉक्ससाठी तो खर्च मला तरी अनावश्यक वाटतो.

कापूस आणि फेव्हिक्विक यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. या गोंदातील सायनोअ‍ॅक्रिलेट कापसाच्या धाग्यांत शिरताच अतिशय वेगाने घट्ट होते आणि त्यातून एवढी उष्णता निघते की बोटे भाजतात व डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. लहान मुले आसपास असताना हा प्रयोग कोणी करू नये. नसतानाही करू नये.

गोंदाने आवाज बदलतो, हा दावा तर एका वाक्यात संपतो: नीट दाबलेल्या सांध्यात गोंदाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो, आणि १८ मिलिमीटरच्या फळीपुढे त्याचा ‘पोत’ ऐकू येणारा कान अजून मला भेटलेला नाही. आवाज बदलतो तो गळतीने. बंद बॉक्समध्ये वूफरचा कोन बोटांनी सरळ, हलकेच आत दाबून सोडावा; तो सावकाश परतला तर सांधे हवाबंद आहेत, झटकन परतला तर हवा कुठून तरी निसटते आहे. पोर्ट, म्हणजे हवेसाठी मुद्दाम ठेवलेले भोक, असलेल्या बॉक्सला ही चाचणी लागू पडत नाही. तेथे कमी वारंवारतेचा सलग सूर वाजवून सांध्यांच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवावी; धूर जेथे थरथरतो तेथे फट आहे. मात्र एसआरने रेक्झिन चढवले असेल तर त्याचा वास पूर्ण गेल्याशिवाय उदबत्ती जवळ नेऊ नये. सापडलेली फट स्पीकर काढून आतून पांढऱ्या गोंदात बारीक भुसा कालवून भरावी. न्हाणीघरात वापरतात ते व्हिनेगरच्या वासाचे सिलिकॉन तेथे लावू नये, कारण त्यातून सुटणाऱ्या आम्लाने तांब्याच्या तारा आणि टर्मिनल गंजतात.