घरपट्टीची पावती म्हणजे ओसी नव्हे

परवा रात्री मावशीचा फोन आला. तिचा 1996 सालच्या इमारतीतला फ्लॅट विकायला काढलाय, टोकन घेऊन झालंय आणि आता घेणाऱ्याची बँक भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी (इमारतीत राहायला जायची पालिकेची परवानगी) मागतेय. सोसायटीच्या ग्रुपवर तिला एक मेसेज आला होता, 'जुना फ्लॅट विकताय? ओसीला घाबरू नका' असा. "यात सांगितलंय तसंच करते, घेणाऱ्याला काही बोलतच नाही," असं ती म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. हाच मेसेज आठवडाभरात मला तीन ठिकाणांहून आलाय. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मेसेज म्हणतो, घरपट्टी भरता म्हणजे पालिकेनं इमारत मान्य केली. साफ खोटं. घरपट्टी बांधकाम उभं आहे म्हणून लागते, ते अधिकृत आहे म्हणून नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ मध्ये बेकायदा बांधकामावर करासोबत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे आणि ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित ठरत नाही, हेही तिथेच लिहिलंय. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना हा शास्तीकर वेगळा समजावून सांगायला नको.

त्याहून मोठा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या 11 जानेवारी 2022 च्या निकालात आहे. मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचं हे प्रकरण. बिल्डरनं ओसी घेतलीच नाही, म्हणून तिथले सभासद घरपट्टी नेहमीपेक्षा 25 टक्के आणि पाणीपट्टी 50 टक्के जास्त भरत होते. ओसी न मिळवणं ही ग्राहकाला दिलेल्या सेवेतली त्रुटी आहे आणि ती मिळेपर्यंत बिल्डरची चूक रोज चालूच राहते, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे वर्षानुवर्षं घरपट्टी भरणाऱ्यांकडेच ओसी नव्हती आणि नव्हती म्हणूनच ते जास्त भरत होते. मग पावती दाखवून ओसी सिद्ध कशी होणार?

'रजिस्ट्री झाली की विषय संपला.' दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, इमारतीला परवानगी आहे की नाही हे ठरवत नाही. मुंबईत ताडदेवच्या 34 मजली इमारतीत 17 ते 34 हे मजले ओसीविना होते. 2025 मध्ये उच्च न्यायालयानं ते रिकामे करायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. त्या लोकांकडे पैसाही होता आणि वकीलही होते.

'जुन्या इमारतीला ओसी लागत नाही.' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. ओसी नसलेला फ्लॅट विकूच नये असा कायदा नाही, रोज असे व्यवहार होतात, आणि फार जुन्या घरांचे कागद खरंच सापडत नाहीत. पण 1996 ची इमारत त्यात बसत नाही. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांसाठीचा महाराष्ट्राचा मोफा कायदा 1963 चा आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरनं ताबा देऊ नये आणि कुणी घेऊही नये, हे त्यात तेव्हापासून आहे.

मावशीनं मला उत्साहानं एका कागदाचा फोटो पाठवला, "हे बघ, सीसी आहे आपल्याकडे." घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला कागद. फोटो मोठा करून वाचला. वर लिहिलं होतं: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, साल 1994. आपल्याकडे बोलताना 'सीसी' हा शब्द प्रारंभाच्या परवानगीलाही वापरतात आणि पूर्णत्वाच्या दाखल्यालाही. एक काम सुरू करायची परवानगी, दुसरा काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला. ओसी त्यानंतरची, राहायला जायची परवानगी. आपल्या फाइलमध्ये यातलं काय आहे ते आजच उघडून बघा.

वायरिंगचं बोलायचं तर मेसेज म्हणतो, मीटर बसलंय म्हणजे सरकारनं वायरिंग पास केलंय. जोडणी घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, हे खरं. पण तो त्या दिवसाचा असतो. मावशीकडे त्यानंतर दोन एसी आले, गीझर आला. गेल्या दिवाळीत मी तिच्या स्वयंपाकघरातला बोर्ड उघडून घेतला, तर थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला आतून वायरच नव्हती. अर्थिंग नुसतं दिसायला. घर विकताना नवा रिपोर्ट द्यायची सक्ती आपल्याकडे नाही. तरीही परवानाधारक ठेकेदाराकडून इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवा आणि रिपोर्ट घेणाऱ्याच्या हातात द्या. त्या घरात उद्या कुणाचं तरी लेकरू ओल्या हातानं बटण दाबणार आहे.

सगळ्यात वाईट सल्ला शेवटचा: 'करारात आहे त्या स्थितीत असं लिहा आणि गप्प बसा.' हा सल्ला देणाऱ्यानं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 55 वाचलेलं नाही. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न कळणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि तो लपवणं ही फसवणूक धरली जाते. मावशी सत्तरीला आलीय. या वयात ती कोर्टाच्या पायऱ्या चढणार, आणि मेसेज पुढे ढकलणारा तेव्हा कुठे असणार? शिवाय बँकेपुढे गप्प बसून भागतही नाही. पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला तपासूनच कर्ज द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 17 डिसेंबर 2024 च्या निकालात बँकांना बजावलंय.

कधीकधी ओसी निघालेली असते, बिल्डरनं ती सोसायटीला दिलेलीच नसते. म्हणून काल मावशीकडून पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला माहिती अधिकारात अर्ज करून घेतला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत 30 दिवसांची. घेणाऱ्या जोडप्याला तिनं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते महिनाभर थांबायला तयार आहेत.