कप गेला तरी चालेल, तो शनिवार आमचा

एप्रिल लागला की आमच्या नॉर्थ कॅरोलायनात एक वाद हमखास उकरला जातो. २०२२ साली कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत चॅपल हिलच्या पोरांनी शनिवारी सेमी फायनलमध्ये ड्यूकला हरवलं आणि सोमवारी फायनलमध्ये कॅन्ससकडून मार खाल्ला. मग त्या सीझनचं नक्की काय म्हणायचं? ड्यूकवाले म्हणतात, कप कुठाय ते दाखवा, बाकी बाता नकोत. माझं मत तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. उद्या कुणी म्हणालं, सोमवारचा कप घ्या आणि तो शनिवार परत करा, तर मी शनिवार देणार नाही. वेडेपणा म्हणा हवं तर.

भारतातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो, कारण कॉलेजच्या पोरांच्या बास्केटबॉलवर चाळिशी-पन्नाशीची माणसं एवढी का भांडतात, हे बाहेरून कळत नाही. पुरुषोत्तमच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकलेल्या पुणेकरांना पटकन समजेल. फक्त तो आवाज अख्ख्या राज्याचा करा, वर्षभर चालू ठेवा आणि वयाची अट काढून टाका. डरहॅमला ड्यूक युनिव्हर्सिटी, चॅपल हिलला युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना, मधे जेमतेम दहा मैल. ड्यूक खाजगी, महागडी, गडद निळी. कॅरोलायना सरकारी, आकाशी. आमच्याकडची जुनी टिंगल म्हणजे ड्यूक ही न्यू जर्सीची युनिव्हर्सिटी आहे, चुकून डरहॅमला बांधली गेली. १९२० पासून ही दोन कॉलेजं एकमेकांशी बास्केटबॉल खेळतायत. आम्ही केरीला राहतो, इथून दोन्हीकडे सारख्याच वेळात पोचता येतं. त्यामुळे मराठी घरांतसुद्धा फूट पडलेली आहे. गणपतीच्या आरतीला शेजारी शेजारी उभी राहणारी माणसं फेब्रुवारीत, या दोघांचा सामना आला की, एकमेकांचे फोन उचलत नाहीत. आमची लेक चॅपल हिलला शिकली, तेव्हा आमचा रंग कुठला हे आम्हाला कुणी विचारलंच नाही.

आता त्या वर्षाचं. ड्यूकचे कोच माइक शशेव्स्की, म्हणजे सगळ्यांचे ‘कोच के’, यांनी २०२१ च्या जूनमध्येच सांगून टाकलं होतं की पुढचा सीझन शेवटचा. ड्यूकमध्ये ४२ वर्षं, पाच राष्ट्रीय विजेतेपदं. माणूस थोर, यात वाद नाही. आमच्याकडे ते कबूल करताना आवाज जरा खाली जातो एवढंच. पण अख्खा सीझन म्हणजे निरोप समारंभ झाला होता, आणि त्या समारंभात आमची भूमिका हार घालून टाळ्या वाजवायची आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. फेब्रुवारीत ड्यूकनं चॅपल हिलला येऊन ८७-६७ असं धुतलं, तेव्हा आम्हालाही तसंच वाटायला लागलं होतं. आमचे ह्यूबर्ट डेव्हिस कोच म्हणून पहिल्याच वर्षात, आणि टीम कधी भन्नाट तर कधी साफ झोपलेली.

५ मार्चला कॅमेरॉन इंडोअरमध्ये कोच केंचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. कॅमेरॉन म्हणजे १९४० सालचं, ९,३१४ माणसांचं छोटंसं स्टेडियम. कोर्टाला खेटून विद्यार्थी उभे. रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला गेलेल्या खेळाडूच्या पाठीला त्यांची बोटं लागतील इतके जवळ. आमच्या सामन्याच्या तिकिटासाठी ही पोरं बाहेरच्या हिरवळीवर आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात, थंडीत. त्या वस्तीचं नावच कोचवरून शशेव्स्कीव्हिल, आमच्या भाषेत नुसतं के-व्हिल. त्या दिवशी नव्वदहून जास्त माजी खेळाडू हजर होते. आणि कॅरोलायनानं ९४-८१ असा सामना मारला. चार जणांचे प्रत्येकी वीस किंवा त्याहून जास्त पॉइंट्स. नंतर कोच केंनी माइक हातात घेऊन आपल्याच प्रेक्षकांना सुनावलं की आजचा खेळ खपवून घेण्यासारखा नव्हता. त्यांचा स्वभावच तसा, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यापुरते मला ते आवडले.

ड्यूकवाल्यांनी मग स्वतःची समजूत घातली: ठीक आहे, घरचा निरोप बिघडला, खरा निरोप कप उचलून होईल.

आणि मग ब्रॅकेटनं, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या ड्रॉनं, कमाल केली. ड्यूकला दुसरं मानांकन, आम्हाला आठवं. आमच्या पोरांनी गतविजेत्या बेलरविरुद्ध पंचवीसची आघाडी घालवली, तरी ओव्हरटाइममध्ये जिंकले. असं करत करत दोघंही न्यू ऑर्लिन्सला पोचले. अडीचशेच्या वर सामने झाले होते दोघांत, पण या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएएत, कधीच समोरासमोर आले नव्हते. पहिल्यांदा भेटले ते थेट फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत, कोच केंच्या शेवटच्या आठवड्यात. कुणी पटकथेत असं लिहिलं असतं तर ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून खोडलं असतं. शिवाय मैदान सुपरडोम. १९८२ साली कोवळ्या मायकेल जॉर्डननं तिथेच शेवटची बास्केट मारून कॅरोलायनाला कप दिला होता, १९९३ चा कपही तिथलाच.

२ एप्रिल, शनिवार. त्या दिवशी गुढीपाडवा होता! सकाळी डेकवर गुढी, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी आमच्याकडे सगळी गँग. एक ड्यूकवाला मित्र मुद्दाम गडद निळा कुर्ता घालून आला होता. सणाचा दिवस म्हणून त्याला घरात घेतलं. सामना सुरू व्हायला रात्रीचे जवळजवळ नऊ वाजले. हाफटाइमला ड्यूक ३७-३४ पुढे. पुढचा अर्धा तास मात्र काही विचारू नका. अख्ख्या सामन्यात आघाडी अठरा वेळा बदलली. आमच्या आर्मांडो बेकॉटचा घोटा मुरगळला, उचलून नेतात की काय असं वाटलं, तर हा पठ्ठ्या लंगडत परत आला. एकवीस रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू, घेतले त्यानं! ड्यूकचा पाओलो बँकेरो तिकडून काही ऐकत नव्हता.

शेवटचा मिनिट माझ्या डोळ्यांसमोर फ्रेम-फ्रेमनं आहे. आम्ही ७५-७४ असे एकानं पुढे. ड्यूकचा मार्क विल्यम्स फ्री थ्रो लाइनवर, एकेका पॉइंटचे दोन मोकळे शॉट. दोन्ही घातले की ड्यूक पुढे. पहिला हुकला. आमच्या हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. दुसराही हुकला! मग चेंडू आमच्या केलेब लव्हकडे. बचावात अदलाबदल झाली आणि त्याच्यासमोर आला तोच विल्यम्स, सात फूट एक इंचाचा. लव्हनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, डावी-उजवी केली आणि त्या लांबच लांब हाताच्या वरून थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा लांबचा शॉट, टाकला. मी मनात म्हणत होतो, अरे कशाला, आत घुस ना! चेंडू जाळीत. ७८-७४, पंचवीस सेकंद बाकी. लव्हचे त्या दिवशी अठ्ठावीस पॉइंट्स, त्यातले बावीस दुसऱ्या हाफमधले. निकाल ८१-७७. निळ्या कुर्त्यानं पुरणपोळीसुद्धा डब्यात नको म्हणून सांगितलं. लेक तोवर फ्रँकलिन स्ट्रीटवर पोचली होती. ड्यूकला हरवलं की चॅपल हिलचं सगळं गाव त्या एका रस्त्यावर धावतं, शेकोट्या पेटतात आणि पोरं त्यावरून उड्या मारतात. आईबापांनी याचे व्हिडिओ बघू नयेत.

आता माझा मुद्दा. या दोघांच्या ‘सगळ्यात भारी सामना कुठला’ या यादीत २०२२ च्या तोडीचे, किंवा खेळ म्हणून त्याहून सरस सामने आहेत. १९७४ साली कॅरोलायना सतरा सेकंद उरले असताना आठनं मागे होती. तेव्हा थ्री पॉइंटर हा प्रकारच नव्हता, तरी बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये जिंकली. २०१२ साली ड्यूकच्या ऑस्टिन रिव्हर्सनं आमच्याच घरी येऊन शेवटच्या क्षणी थ्री मारून ८५-८४ केलं. ते आठवलं की अजून जेवण जात नाही. पण या सगळ्या सामन्यांना एक उतारा होता. हरलेला म्हणू शकायचा, ‘थांबा, पुढच्या फेब्रुवारीत बघतो.’ ही चुरस शंभर वर्षं टिकली ती या फेब्रुवारीवर. प्रत्येक हार उधारीवर असते, हिशेब पुढच्या सामन्यात चुकता होतो.

२ एप्रिलच्या हारेचा हिशेब चुकता व्हायला जागाच नाही. ड्यूक पुढे कितीही वेळा जिंको, जिंकतेच आहे, पण तो कोच केंचा शेवटचा सामना होता आणि तो कॅरोलायनाविरुद्ध गेला. हे कुठल्याच फेब्रुवारीत बदलणार नाही. कप दर एप्रिलला कुणीतरी उचलतंच. असा शनिवार मात्र दुसरा येणार नाही, कारण चाळीस वर्षं एकाच बाकावर बसणारे कोचही आता निपजणार नाहीत. खेळाडूंच्या बदल्या आणि पैशाच्या करारांनी कॉलेज बास्केटबॉलचा चेहराच पालटून टाकलाय.

सोमवारबद्दल फार नाही लिहीत. हाफटाइमला ४०-२५ असे पुढे होतो आणि ७२-६९ नं हरलो. हाफटाइमला एवढं मागे असून फायनलच्या इतिहासात कुणी जिंकलं नव्हतं. लव्हचे चोवीसपैकी पाच शॉट गेले. वाईट वाटलं, झोप नाही लागली. पण मंगळवारी ऑफिसात माझ्याशी कॅन्ससबद्दल कुणी बोललं नाही. सगळे शनिवारबद्दलच बोलत होते, ड्यूकवालेसुद्धा.

पुढच्या सीझनला आमची टीम पहिल्या नंबरवर सुरू झाली आणि एनसीएए स्पर्धेतसुद्धा पोचली नाही. मग लव्ह ॲरिझोनाला गेला. आमच्यातल्या काहींनी त्याला शिव्या घातल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ॲरिझोनाच्या जर्सीत कॅमेरॉनला आला आणि ड्यूकला त्यांच्याच घरी ७८-७३ नं हरवून गेला. त्या रात्री शिव्या घालणारे सगळे ॲरिझोनाचे भक्त झाले होते. मी तर त्याला कधी शिव्या घातल्याच नव्हत्या. ड्यूकला हरवणारा आपला, मग जर्सी कुठलीही असो.