गाठ, कोपरा आणि एक रुपया

आमच्या घरच्या ग्रुपवर पत्रिकेवरून जुंपली. भाचीचं लग्न फेब्रुवारीत, नाशिकला. मुलाकडच्यांचा आग्रह डब्याचा. मखमली डबा, उघडला की लेझरने कापलेला गणपती, खाली चार कप्प्यांत सुकामेवा आणि झाकणाच्या आतून चिकटवलेली खरी पत्रिका. भाचीला मात्र ‘मिनिमल’ हवी. तिने पाठवलेल्या नमुन्यात ताकाच्या रंगाचा जाडसर कागद, मधोमध इंग्रजीत दोन नावं, तारीख आणि कोपऱ्यात एका फांदीचं रेखाचित्र. बस्स. कुलदैवत नाही, आजीचं नाव नाही, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरंटोरं नाहीत. काकांनी लिहिलं, ‘ही पत्रिका आहे की दाताच्या डॉक्टरचं कार्ड?’ मग ताईने मला ओढलं. ‘तूच सांग गं. तू जपानात असतेस, तुला साधंच आवडत असणार.’

तोक्योच्या निशी-कासाईत राहून मला चौदा वर्षं झाली. जपान म्हणजे साधेपणा, ही समजूत घेऊनच मीही आले होते. मग पहिल्यांदा स्टेशनवरून बिस्किटांचा खोका घेतला. बाहेर कागद, आत खोका, खोक्यात प्लॅस्टिकचा ट्रे, ट्रेमधलं एकेक बिस्कीट स्वतंत्र पाकिटात आणि वर, कुणाला द्यायचं झालं तर असावी म्हणून, एक कोरी पिशवी. आठवड्याच्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याची पिशवी बांधताना हा साधेपणा चांगलाच हाताला लागतो.

तरीही इथे एक गोष्ट मी शिकले, ती लग्नाच्या आहेराच्या पाकिटामुळे. ऑफिसातल्या एकीच्या लग्नाचं बोलावणं आलं म्हणून स्टेशनरीच्या दुकानात गेले. भिंतभर पाकिटं. मी त्यातलं सर्वांत देखणं उचललं, सोनेरी दोऱ्यांचा बगळा केलेलं. सोबतच्या सहकारी बाईंनी ते हळूच जागेवर ठेवलं आणि विचारलं, “आत किती घालणार?” मी म्हटलं, तीस हजार येन. “मग तीनशे येनचं पाकीट घ्या.” पाकिटाची किंमत आतल्या रकमेच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, असा इथला ठोकताळा. बाहेर बगळा आणि आत थोडके पैसे म्हणजे हसू.

मग त्यांनी एकेक खूण दाखवली. पाकिटावर लाल-पांढऱ्या दोऱ्यांची गाठ असते, तिला मिझुहिकी म्हणतात. कागदाला पीळ देऊन, खळ लावून कडक केलेले हे दोरे. नागानो प्रांतातलं ईदा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. लग्नाला गाठ अशी, की सुटता सुटू नये. बारशाच्या आहेरावर मात्र बुटाच्या नाडीसारखी, ओढली की सुटणारी; तो प्रसंग पुन्हा आला तर आनंदच. मागची घडी लग्नाला खालून वर, म्हणजे पडणारं सुख झेलता येतं. मयताच्या घरी द्यायच्या पाकिटाला तीच वरून खाली. लग्नाला कोऱ्या नोटा, मयताला वापरलेल्या, कारण कोऱ्या दिल्या तर तुम्ही तयारीतच बसला होतात असं व्हायचं. नाव लिहायची शाईसुद्धा शोकाला फिकी, राखाडी. आणि नोटांचा आकडा विषम, दोघांत सारखा वाटता येऊ नये म्हणून. (२०२४ मध्ये दहा हजारांच्या नव्या नोटेवर शिबुसावा एइइची हे उद्योगपती आले, तेव्हा त्यांच्या बाहेरख्यालीपणामुळे ही नोट लग्नात द्यावी की नाही यावर इथे चर्चा रंगली होती. वाद घालायला माणसाला कुठलाही देश पुरतो.)

पाहायला गेलं तर पांढरा कागद आणि एक गाठ. पण ती गाठ इथल्या शेंबड्या पोरालाही वाचता येते.

त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये आठवलं ते आपलं पाकीट. पातळ कागदाचं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. आकडा शून्यावर थांबू नये, पुढे वाढत राहावा, एवढं सगळं त्या एका रुपयात बसलेलं. त्यात जपानी पाकिटापेक्षा एक उजवी गोष्ट आहे : एकावन्नवाला आणि पाच हजार एकवाला यांची पाकिटं बाहेरून सारखीच. इथे तीस हजारांखाली जायची सोय नाही. एका मोसमात तीन लग्नं आली की पोरं उधारीवर दिवस काढतात; त्या अवस्थेला इथे शब्दच आहे, ‘गोशूगी-बिंबो’, म्हणजे आहेरापायी आलेलं दारिद्र्य.

आणि आजीकडे येणारी पोस्टकार्डं. शुभकार्याच्या पत्राच्या चार कोपऱ्यांना हळद-कुंकू. मृत्यूची बातमी आणणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला. आजीला अक्षरं लागत नव्हती. पोस्टमनच्या हातातलं कार्ड दुरून बघूनच ती ओट्यावर बसायची किंवा उठून चूळ भरायला जायची. कागद, शाई, रंग, काही जास्तीचं नाही. उलट कागदातला तुकडा कमी केलेला. एवढी नेमकी स्टेशनरी मी अजून कुठल्याही दुकानात पाहिलेली नाही.

इथेही हे सगळं ओसरत चाललंय, हे ग्रुपवरच्या जपानभक्तांना सांगायला हवं. नववर्षाची कार्डं, नेंगाजो, १ जानेवारीला सकाळी एकगठ्ठा दारात पडतात. २५ डिसेंबरपर्यंत टाकलेली कार्डं पोस्ट राखून ठेवतं आणि बरोब्बर त्या दिवशी वाटतं. २००४ सालासाठी अशी ४४५ कोटींच्या आसपास कार्डं छापली गेली होती, २०२५ साठी १०७ कोटी. ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्डाचा दर ६३ येनवरून ८५ झाला. आता ‘हे माझं शेवटचं कार्ड, यापुढे पाठवणार नाही’ असं नम्रपणे कळवणारी कार्डं येतात. निवृत्तीचंसुद्धा कार्ड! मला मात्र सर्वांत जवळचं वाटतं ते नोव्हेंबरच्या अखेरीस येणारं राखाडी कार्ड : घरात मृत्यू झालाय, यंदा शुभेच्छा देणार-घेणार नाही. पहिलं आलं तेव्हा कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ‘यंदा आमच्याकडे सण नाही’ हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालोय.

एकदा दिवाळीला शेजारच्या आजींना चकल्या दिल्या, डबा खणाच्या कापडात बांधून. इथे भेट चौकोनी कापडात बांधायची रीत आहे, फुरोशिकी. म्हटलं आपलाही नमुना दाखवू. खण भेटीचाच भाग होता. पण फुरोशिकी परत करायची असते, म्हणून दोन दिवसांनी आजी तो धुऊन, इस्त्री करून घेऊन आल्या आणि डब्यात चार संत्री. डबा रिकामा द्यायचा नाही हे त्यांनाही ठाऊक. खण घ्या म्हणून मी, नको म्हणून त्या, दारात बराच वेळ चाललं. आपल्याकडे ओटीचे ब्लाउजपीस न शिवता घराघरांतून फिरत राहतात त्याची आपण चेष्टा करतो, पण फुरोशिकीचा धंदा तरी दुसरा काय आहे?

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, त्यात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, तेव्हा हाच ग्रुप चोरी-चोरी म्हणून पेटला होता. २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, असलेली आमची चप्पल! राग योग्यच होता, प्राडाला नंतर ती भारतीय परंपरेतली असल्याचं मान्यही करावं लागलं. फक्त त्या दिवशी ग्रुपवरच्या एकाच्याही घरी कोल्हापुरी जोड निघाला नसता. चामड्याला चामड्याच्याच वादीने शिवलेली, खिळा नसलेली वस्तू आपल्याला दुसऱ्याच्या पायात दिसल्यावर सुंदर वाटली.

तर पत्रिका. मी लिहिलं की मला दोन्ही नकोत. चौकशी केली तर भाचीच्या त्या हातकागदावरच्या छपाईचा दर डब्याच्या फार खाली नव्हता. डबा ओरडून सांगतो आमच्याकडे पैसा आहे, ताकाचा रंग हळूच सांगतो आमच्याकडे अभिरुची आहे. गाठ, फाटका कोपरा, चिकटवलेला रुपया यांना इतकं कमी बोलून चालतं, कारण उरलेलं आधीच सगळ्यांत ठरलेलं असतं. ती रीत काढून टाकून नुसती मोकळी जागा ठेवली तर मोकळी जागाच उरते. फांदी कसली, ते भाचीलाही सांगता आलं नाही. साधी दुपानी पत्रिका काढा, मराठीत, आजीचं नाव घाला, कोपऱ्यांना हळद-कुंकू हाताने लावा. नावांच्या यादीवरून रुसवेफुगवे होतील, ते व्हायचेच.

माझं कुणी ऐकलं नाही. डबाही झाला आणि फांदीही, डबा नातेवाइकांना, फांदी मित्रमंडळींना. फक्त ताईने दोन्हींच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावून घेतलं, आणि भाचीने त्याचाच फोटो सगळीकडे टाकला.

मला सुट्टी मिळाली नाही. ओळखीच्या एकाबरोबर पाकीट पाठवलं, तीनशे येनवालं. आत तीस हजारांच्या कोऱ्या नोटा, वर पाच येनचं नाणं चिकटवलेलं. पितळी, मधे भोक असलेलं. पाच येनचा उच्चार ‘गो-एन’, आणि ‘गोएन’ म्हणजे ऋणानुबंध, म्हणून देवळातही हेच नाणं टाकतात.

हळदीच्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. भाचीच्या हातात पाकीट, मागे काका वाकून बघतायत.

“मावशी, ही गाठ सोडायची कशी गं?”

“सोडायची नाही. तशीच बाजूने सरकवून काढ.”

“आणि हे पाच येन म्हणजे आपले किती?” काकांनी विचारलं.

“जेमतेम तीन रुपये.”

“मग ठीक,” काका म्हणाले, “विषम आहे.”